महालक्ष्म्यांच्या पेटीतली बाळंतीण

गेल्या महिन्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी आणि किती घालावं, यावर लिहिलं होतं. त्यानंतर दोघा-तिघांनी विचारलं, "दादा, आमच्या माळ्यावर गिलहऱ्या शिरल्यात, त्याचंही लिहा ना." लिहितो. पण हा विषय मला बॅटरीइतका सोपा गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गिलहरी म्हणजे खार. आपल्याकडे, ग्वाल्हेरात, नव्या पिढीला हे सांगावं लागतं. आमची सात वर्षांची कन्या आजीशी मराठीतच बोलते, पण खारीला गिलहरीच म्हणते, कारण शाळेत ती गिलहरी असते आणि आजीच्या गोष्टीत 'खारूताई'. ही दोन वेगवेगळी जनावरं आहेत, असा तिचा बरेच दिवस समज होता. तिसरी आहे शेकरू, झाडावरची मोठी, तांबूस, झुबकेदार शेपटीची खार. ती महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. भीमाशंकरच्या जंगलात गेलात तर दिसेल, लश्करात नाही.

आपल्या अंगणात फिरते ती पाच पट्ट्यांची. दक्षिणेकडे तीन पट्ट्यांची खार असते, उत्तरेच्या कोरड्या मुलखात पाच पट्ट्यांची. सेतू बांधताना रामाने खारीच्या पाठीवरून तीन बोटं फिरवली ही गोष्ट आजीने सांगितली, तेव्हा कन्येने अंगणातल्या खारीचे पट्टे मोजून हरकत घेतली. आजी म्हणाली, "इकडच्या खारींवर त्यानं अख्खा हात फिरवला असेल." वाद मिटला.

आता घराबद्दल. आमचं घर लश्करातल्या जुन्या घरांसारखंच: जाड भिंती, खालच्या मजल्याला पटियाचं छत, वरच्या मजल्यावर मागाहून बांधलेली एक खोली. त्या खोलीत तुळयांवर फळ्या टाकून केलेला माळा आहे आणि त्याच्यावर पत्रे. शेजारचे लोक त्याला दुछत्ती म्हणतात, आम्ही माळाच म्हणतो. माळ्यावर काय नाही? तांब्याचा बंब, घंगाळ, गणपतीचं मखर, बाबांच्या कचेरीतल्या फायली, माझी एमआयटीएसमधली बीईची पुस्तकं आणि महालक्ष्म्यांची लाकडी पेटी. याच खोलीत मी कामाला बसतो. कंपनी पुण्याची, खुर्ची ग्वाल्हेरची.

पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये एका कोपऱ्यात फट होती. अंगणातला कडुनिंब दरवर्षी थोडा थोडा वाढत गेला आणि त्याची एक फांदी पत्र्याला टेकली. म्हणजे पूल आम्हीच बांधून दिला होता.

सुरुवातीला मजा वाटायची. दुपारी डोक्यावर तुरुतुरु आवाज, मीटिंगमध्ये कुणीतरी विचारायचं, "हा चिकचिक आवाज तुझ्याकडून येतोय का?" मग जानेवारीत इंटरनेटची तार तुटली. ती बदलली. तीन आठवड्यांनी पुन्हा तुटली, मग तिसऱ्यांदा. तार बदलायला येणारा मुलगा माळ्यावर चढून खाली आला आणि हसत म्हणाला, "भैया, आपके यहाँ तो पूरा खानदान रहता है."

खार तार खात नाही, हे लक्षात घ्या. उंदीर, खार, साळिंदर ही सगळी कुरतडणाऱ्या प्राण्यांची जात. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवले नाहीत तर जनावर उपाशी मरेल. लाकूड, नारळाची करवंटी, प्लॅस्टिकची तार, जे तोंडाला कडक लागेल ते चालतं. माळ्यावर तारा सर्वांत सोयीच्या असतात, कारण त्या हलत नाहीत.

इंटरनेट जाणं ही गैरसोय होती. फेब्रुवारीच्या शेवटी एका रात्री खोलीत जळका वास आला आणि एमसीबी पडला. दुसऱ्या दिवशी बिजलीवाल्याने माळ्यावरची पंख्याची तार काढून माझ्या हातात दिली. वीतभर लांबीत दोन ठिकाणी तांबं उघडं पडलेलं, आणि ते ज्या पुठ्ठ्याच्या खोक्याला टेकलं होतं त्याला काळा डाग. खोक्यात मखराचं थर्माकोल. त्याखालच्या खोलीत उन्हाळ्यात कन्या झोपते. त्या दिवसापासून मजा संपली.

इथून पुढे मी जे केलं ते क्रमाने सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

डांबराच्या गोळ्या ठेवल्या. खारींनी त्या ढकलून बाजूला केल्या आणि वास मात्र खाली आमच्या खोलीत उतरला. नंतर कळलं की लहान मूल असलेल्या घरात या गोळ्या उघड्यावर ठेवूच नयेत, मुलं त्या तोंडात घालतात. तिखट टाकलं. पहिल्या वाऱ्याने ते उडालं आणि शिंका आम्हाला आल्या. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं एक यंत्र ऑनलाइन मागवलं. चार दिवसांनी खार त्याच यंत्रावर बसून शेंगदाणा सोलत होती, फोटो आहे माझ्याकडे. उंदरांसाठी मिळतो तो चिकट पुठ्ठा मात्र कुणी सुचवला तरी लावू नका. त्यावर अडकलेलं जनावर तासन्‌तास तडफडत मरतं आणि ते सोडवायची वेळ तुमच्यावरच येते.

शिवाय खार म्हणजे उंदीर नव्हे, कायद्यानेही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदीर 'उपद्रवी' प्राण्यांच्या सूचीत होता, तर पाच पट्ट्यांची खार चौथ्या सूचीत, म्हणजे संरक्षण असलेल्या प्राण्यांत. 2022 च्या दुरुस्तीत सूच्यांची मांडणी बदलली, पण पिंजऱ्यात धरून तिला लांब कुठेतरी सोडून द्यायचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. फट तशीच ठेवलीत तर चार दिवसांत तिथे दुसरी येते.

जगभर लोकांना हा त्रास आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या घरी ॲटिकमध्ये करड्या खारी शिरल्या होत्या. आपल्या खारीच्या मानाने त्या दांडग्या. तिकडे यासाठी वेगळी माणसं येतात, भोकावर एकाच दिशेने उघडणारं दार बसवतात: खार बाहेर पडते, आत येऊ शकत नाही. तीच अमेरिकी खार इंग्लंडात 1876 पासून हौशी लोकांनी बागांत सोडली आणि आज तिथली मूळची तांबडी खार बऱ्याच भागांतून नाहीशी झाली आहे. आपली पाच पट्ट्यांचीही काही कमी नाही. 1898 मध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयात नेली, आणि ती तिथेच वस्ती करून राहिली.

हे मी कौतुकाने जेवताना सांगत होतो, तर आजी म्हणाली, "त्यात काय एवढं? दौलतराव शिंद्यांनी इथं तळ टाकला तो उठवलाच नाही, म्हणून तर लश्कर." 1810 च्या सुमाराची ती गोष्ट. आमचे पूर्वज त्याच तळाच्या मागोमाग कधीतरी आले, असं घरात सांगतात. माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं, म्हणून मी कोशिंबीर वाढून घेतली.

आजीचं आणि खारींचं जुनं आहे. ती सकाळी अंगणात तांदळाची कणी आणि भिजवलेले शेंगदाणे ठेवते. मागच्या पायरीवर कापूस पिंजून वाती करत बसते. वाती आणि कापसाची वस्त्रं वाळत ठेवली की त्यातली चार-दोन नाहीशी होतात. ती खारच नेते हे आजीला ठाऊक होतं, मला नव्हतं. कूलरच्या जाळीतलं गवतही कोण उपसतं, याचा शोध मी दोन उन्हाळे घेत होतो.

तर मार्चमध्ये, होळीनंतरच्या शनिवारी, मी लोहिया बाजारातून जाळी आणली. दुपारी शिडी लावली. खारी दिवसा बाहेर हिंडतात, रात्री घरट्यात येतात, एवढं वाचलं होतं. म्हणून दुपारी माळ्यावर टॉर्च फिरवला, काही हललं नाही, आवाज नाही. फटीवर जाळी ठोकली, कडेने सिमेंट भरलं. दीड तासात काम झालं. खाली उतरून बायकोला म्हटलंसुद्धा, "इतके महिने उगाच घाबरत होतो."

संध्याकाळी साडेपाचला कडुनिंबावर एक खार ओरडायला लागली. तुम्ही तो आवाज ऐकला असेल, एका सुरात चिक्-चिक्-चिक्, शेपटी प्रत्येक आवाजाला उडते. ती पत्र्यावर यायची, जाळीशी घुटमळायची, फांदीवर परत जायची आणि पुन्हा ओरडायची. आजी अंगणात आली, वर बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, आत पिल्लं आहेत तिची."

मी म्हटलं, "आजी, मी बघितलंय. काही नाही आत."

"ती वेडी आहे का?"

अंधार पडल्यावर आवाज थांबला. मी तो थांबला म्हणजे ती गेली असं समजलो. त्या रात्री आमचं रिलीज होतं, म्हणजे नवीन प्रोग्राम ग्राहकाच्या मशीनवर चढवायचा होता. अडीचपर्यंत मी त्याच खोलीत, त्याच माळ्याखाली कानाला हेडफोन लावून बसलो होतो. मध्ये एकदा काढले तेव्हा वरून अगदी बारीक काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. शिडी खाली अंगणात होती. रिलीज अडलं होतं. मी हेडफोन परत लावले.

सकाळी सहाला ती खार परत ओरडायला लागली तेव्हा मी शिडी घेऊन वर चढलो. घरात अजून कुणी उठलं नव्हतं. या वेळी खोकी एकेक करून बाजूला केली. महालक्ष्म्यांच्या पेटीचा मागचा कोपरा कुरतडून मुठीएवढं भोक केलेलं होतं. झाकण उघडलं. पितळी मुखवटे ज्या जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधलेले असतात त्याच्या चिंध्या, कूलरचं गवत, सुतळी, आजीची कापसाची वस्त्रं, आणि एक जानवं, बहुधा बाबांचं. दोन मुखवट्यांच्या मधल्या खळग्यात त्या सगळ्याचा गोळा आणि गोळ्याच्या आत पिल्लं. बोटाच्या दोन पेरांएवढी, डोळे मिटलेले, अंगावर केसांची नुसती छटा. आदल्या दिवशी ती का हलली नाहीत ते तेव्हा कळलं. एवढी लहान पिल्लं आई येईपर्यंत पडूनच असतात. टॉर्चने ती सापडत नाहीत, हात घालून खोकी हलवावी लागतात.

मी जाळी उचकटली. सिमेंट पुरतं धरलेलं नव्हतं. खाली उतरून ओसरीत उभा राहिलो. वीसेक मिनिटांनी ती फांदीवरून पत्र्यावर आली, फटीशी थांबली आणि आत गेली.

आजी तोवर उठली होती. तिने काही विचारायच्या आत मी सांगितलं, "पेटीत होती. महालक्ष्म्यांच्या."

"मग आता हलवू नकोस काही. बाळंतीण आहे ती. माहेरवाशिणीच्या पेटीत बाळंतीण," असं म्हणून ती आत गेली, आणि त्या दिवशी अंगणात शेंगदाण्यांबरोबर खोबऱ्याचा तुकडाही आला.

पुढचे सहा आठवडे आमच्या घराने बाळंतिणीची खोली सांभाळली. हाच भाग तुम्हाला खरा उपयोगी आहे. पिल्लं असतील तर थांबावंच लागतं, पण विजेचा धोका घेऊन थांबू नये. मी माळ्यावरून जाणाऱ्या तारांचा पुरवठा बोर्डापाशी तोडून घेतला आणि माझं ऑफिस खाली देवघराच्या शेजारी हलवलं. पुण्याच्या टीमला त्या काळात घंटा, शंख आणि "अरे, कोण नाहायला गेलंय?" हे सगळं ऐकू आलं. आमचा मॅनेजर औरंगाबादकडचा आहे, त्याने एकदाच विचारलं, की "नाहायला म्हणजे आंघोळीला ना?" असो.

माळ्यावर जुना मोबाइल चार्जर लावून ठेवला आणि त्याचा कॅमेरा चालू ठेवला. तारा बंद असल्याने चार्जर खालून एक्स्टेंशनने, लोखंडी पाइपातून. एप्रिलच्या मध्यावर पिल्लं पेटीच्या भोकातून डोकं काढायला लागली. मग फळीवर फिरू लागली. एप्रिल संपताना ती आईच्या मागोमाग फांदीवर दिसली. कन्येने त्या दिवशी शाळेतल्या वहीत 'खार' असं लिहून खाली चित्र काढलं. बाईंनी हिंदीच्या वहीत मराठी शब्द लिहिला म्हणून लाल रेघ मारली.

सगळी बाहेर पडली हे ओळखायची एक सोपी रीत आजीने सांगितली: फटीच्या तोंडाशी रांगोळी पसरून ठेव. पायाचे ठसे उमटले तर येणंजाणं चालू आहे. मी त्याला आणखी एक जोड दिली, फटीत वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबून ठेवला. आत-बाहेर करायला खार तो ढकलून देतेच. लागोपाठ तीन दिवस रांगोळी कोरी आणि बोळा जागच्या जागी राहिला, शिवाय कॅमेऱ्यातही काही नाही, आणि मी पेटी, मखर, बंबाच्या आतपर्यंत हात घालून पाहिलं. तेव्हा कुठे जाळी लावली. तुम्हाला घाई नसेल तर हे काम सरळ थंडीत काढा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पिल्लं असण्याचा संभव जास्त.

जाळी कोणती, हेही सांगतो. प्लॅस्टिकची नको, ती एका दुपारची आहे. फोमचा फवारा नको, तोही कुरतडतात. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, जाड तारेची, वेल्ड केलेली जीआय जाळी घ्या. फटीपेक्षा चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त कापा, स्क्रू आणि वॉशरने बसवा आणि मग कडा सिमेंटने भरा. नुसत्या सिमेंटवर विश्वास टाकू नका. एक फट बुजवली की दुसरी शोधली जाते, म्हणून दिवसा माळ्यावर अंधार करून बसा आणि उजेड कुठून कुठून येतो ते पाहा. आमच्याकडे पाच ठिकाणांहून येत होता. झाडाची फांदी छपरापासून दोन-अडीच मीटर लांब राहील इतकी छाटा. पक्ष्यांची घरटी आधी बघून घ्या. माळ्यावरच्या सगळ्या तारा पाइपातून न्या. आम्ही लोखंडी पाइप घातला. महाग पडला, पण आता रात्री वास आला तर तो शेजारच्यांच्या फोडणीचा असतो.

फट बुजवताना मिस्त्री थोडा नाराज होता. म्हणाला, "रामजी की गिलहरी है, कहाँ जाएगी?" म्हणून कडुनिंबावर, फांद्यांच्या बेचक्यात, एक लाकडी खोकं बांधून दिलं आहे, एका बाजूला भोक ठेवून. त्यात खार राहते का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण आजीच्या वाती अजून कमी होतात आणि खोक्याच्या भोकातून कापूस डोकावतो, इतकं खरं.

या भाद्रपदात महालक्ष्म्यांची पेटी काढली तेव्हा आजीने तो कुरतडलेला कोपरा दुरुस्त करू दिला नाही. मुखवटे पुसताना तिने मला पुन्हा विचारलं, "दोनच होती ना रे पिल्लं?" मार्चमध्येही तिने हेच विचारलं होतं, आणि तेव्हा मी "दोन" म्हणालो होतो. या वेळी मान हलवली.

आजी मोबाइलवर वाचत नाही, पण हे सदर आत्या तिला दर महिन्याला वाचून दाखवते. आजी, तीन होती. एक त्या रात्री गेलं. सकाळी तुम्ही कुणी उठायच्या आत मी ते तुळशीच्या मागे पुरलं, जिथे तू शेंगदाणे ठेवतेस त्याच्या थोडं डावीकडे.